निकाल निर्दोष, मन अपराधी

प्रश्न थोडक्यात असा: "काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीखाली येऊन एक लहान मुलगा गेला. उभ्या असलेल्या दोन गाड्यांमधून तो चेंडूमागे धावत आला. मीच त्याला दवाखान्यात नेले, मीच पोलिसांना कळवले. खटला चालला, माझी निर्दोष मुक्तता झाली. घरचे म्हणतात, संपले आता. माझे मात्र संपत नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात कामाचे विचार चालू होते, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. दुसरीकडे, ज्या भागीदाराने मला फसवले तो संशयाचा फायदा मिळून सुटला आणि ताठ मानेने फिरतो. कायद्याने आम्ही दोघेही निर्दोष. मी तळमळतो, तो निवांत झोपतो. मग दोष म्हणजे नक्की काय, आणि खरा कुठला धरायचा?"

मी फौजदारी वकिली करतो आणि माझी बहुतेक वर्षे आरोपीच्या बाजूने उभे राहण्यात गेली आहेत. निकालानंतर वकिलाकडे परत येणारी माणसे थोडी असतात, पण त्यांत सुटून आलेलीही असतात. निकालाची प्रमाणित प्रत हातात असते, तरी विचारायचे काहीतरी उरलेले असते. उत्तर जरा सविस्तर देतो, कारण 'मनावर घेऊ नका' हे तुम्हाला आधीच पुष्कळांनी सांगितले असेल आणि माझ्या मते तो सल्ला चुकीचा आहे.

आधी न्यायालयात काय घडले ते नीट पाहू. खटला सुरू होताना दंडाधिकाऱ्यांनी गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवला असेल आणि विचारले असेल, "गुन्हा कबूल आहे का?" वकिलाने सांगितल्याप्रमाणे तुम्ही "नाही" म्हणाला असाल. कित्येकांची टोचणी या एका शब्दापासून सुरू होते. 'पोरगं माझ्या गाडीखाली गेलं आणि मी भर कोर्टात नाही म्हणालो, म्हणजे खोटंच बोललो,' असे मी फार जणांकडून ऐकले आहे. तुमचेही तसे असेल, तर हे ओझे आधी उतरवा. मुलगा तुमच्या गाडीखाली आला का, हे तुम्हाला विचारलेच नव्हते. त्या वेळच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली सरकारी पक्षाला दाखवावे लागते की गाडी तुम्ही चालवत होता, ती बेदरकारपणे किंवा हयगयीने चालवत होता, आणि मृत्यू त्या हयगयीतूनच थेट घडला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा १०६ झाला आणि शिक्षेची कमाल मर्यादा २ वर्षांवरून ५ वर्षांवर गेली, पण सिद्ध करायच्या गोष्टी त्याच राहिल्या. 'कबूल नाही' याचा अर्थ एवढाच, की यातले सगळे सरकारी पक्षाने पुराव्याने दाखवावे. त्या मुलाच्या मृत्यूला तुम्ही नाही म्हणाला नाहीत.

'थेट' या अटीवर जरा थांबतो, कारण कायदा आणि मन इथेच वेगळ्या वाटेने जातात. १९६२ साली मुंबईत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात आग लागून ७ कामगार गेले. गरम डांबरात टर्पेंटाईन घाईने ओतले गेले, फेस उतू गेला आणि भडका उडाला. ओतणारा दुसराच कोणी होता. व्यवस्थापक रंगवाला यांच्यावर ३०४-अ लागले, कारण परवाना नसताना ते काम तिथे चालू होते. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. परवाना नसणे किंवा तिथे भट्ट्या असणे हे घटनेच्या मागचे एक कारण असेल, पण मृत्यूचे लगतचे, थेट कारण दुसऱ्याची हयगय होती, असे न्यायालय म्हणाले. आगीच्या बाबतीत काळजी न घेतल्याचा हलका गुन्हा मात्र कायम ठेवला. कायद्याला अशी कुठेतरी रेघ ओढावीच लागते, नाहीतर कारणांची साखळी मागे मागे जात कोणालाही पकडेल. मनाला अशी रेघ ओढता येत नाही. 'मी त्या दिवशी त्या रस्त्याने गेलोच नसतो तर' हे वाक्य न्यायालयात क्षणभरही टिकणार नाही. रात्री तीन वाजता तेच वाक्य छातीवर बसते.

दुसरा फरक मनाच्या अवस्थेचा. मन अपराधी असल्याशिवाय नुसत्या कृतीने माणूस अपराधी ठरत नाही, हे जुने तत्त्व इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी ठळकपणे मांडले आणि पुढे जवळजवळ सगळ्या फौजदारी कायद्याचा तो पाया झाला. सामान्य माणूस यातून असे समजतो की न्यायालय आरोपीला अपराधी वाटते का ते पाहते. तसे काही नसते. न्यायालय पाहते ते कृतीच्या क्षणी मनात काय होते ते: हेतू होता का, परिणामाची जाणीव होती का, धोका दिसत असून दुर्लक्ष केले का, किंवा साधारण समंजस माणसाने घेतली असती तेवढी काळजी घेतली नाही का. कृतीनंतर तुम्ही रडलात की हसलात, याचा यात काही संबंध नाही. थंड डोक्याने खून करून शांतपणे जेवणारा माणूस कायद्याच्या अर्थाने पूर्ण अपराधी मनाचा असतो. तुमच्यासारखा माणूस वर्षानुवर्षे जळत राहतो आणि त्याच अर्थाने त्याचे मन निरपराध असते. तुमच्या प्रश्नातला 'मी तळमळतो, तो निवांत झोपतो' हा विरोध म्हणून कायद्याच्या दृष्टीने विरोधच नाही.

कधीकधी तर कायदा मनात काहीही वाकडे नसलेल्या माणसालाही दोषी धरतो. १९६२च्या नोव्हेंबरात मेयर हान्स जॉर्ज नावाचा जर्मन माणूस ३४ किलो सोने घेऊन झुरिकहून विमानाने मनिलाला निघाला. विमान मुंबईत थांबले. वाटेत थांबणाऱ्या मालाबाबतच्या नियमांत रिझर्व्ह बँकेने केलेला बदल राजपत्रात छापून चारच दिवस झाले होते, आणि हा माणूस तेव्हा परदेशात होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने दोषी धरले: परकीय चलनाच्या रक्षणासाठी केलेल्या या कायद्यात आरोपीला नियम ठाऊक होता का हे पाहायची गरज नाही, असे म्हणून. शिक्षा तेवढी भोगून झालेल्या कैदेपुरती ठेवली. निकाल बरोबर की चूक यावर वकिलांत आजही मतभेद आहेत. मला तो कठोर वाटतो. पण 'कायद्याने दोषी' हा शिक्का माणसाच्या अंतःकरणाविषयी किती थोडे सांगतो, हे त्यातून कळते.

निर्दोष मुक्ततेचेही तसेच. तुमचा भागीदार सुटला म्हणजे त्याने फसवले नाही असे ठरले, हे खरे नाही. १९३५ साली वूलमिंग्टन खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, स्पष्ट केले, की आरोपीचा अपराध सिद्ध करणे हे सरकारी पक्षाचे काम आहे आणि वाजवी संशय उरला तर आरोपी सुटतो. भारतातली न्यायालयेही हेच मानतात. किंमत ठाऊक असूनच हा नियम पत्करला आहे: चुकून निरपराध माणूस तुरुंगात जाण्यापेक्षा काही अपराधी सुटलेले परवडले. स्कॉटलंडच्या कायद्यात शतकानुशतके 'दोषी' आणि 'निर्दोष' यांच्याखेरीज 'सिद्ध झाले नाही' असा तिसरा निकाल होता. त्यावर टीकाही खूप झाली, कारण सुटलेल्या माणसावर तो संशयाचा डाग ठेवून जाई. आपल्याकडे तिसरा निकाल नाही. म्हणून तुम्ही आणि तुमचा भागीदार एकाच शब्दाखाली येता. न्यायनिर्णय वाचून पाहा, फरक तिथे दिसेल. तुमच्यात साक्षीदार आणि वाहन तपासणीचा अहवाल तुमच्या बाजूने गेले असतील, त्याच्यात कागदपत्रे अपुरी पडली असतील.

आता तुम्ही कोणाला न सांगितलेल्या गोष्टीकडे येतो. खरा प्रश्न तिथे आहे असे मला वाटते.

एक काळजीची सूचना आधी देतो. अपराधी वाटणे हा अपराधाचा पुरावा नसतो. १९९६ साली मानसशास्त्रज्ञ सॉल कॅसिन आणि कॅथरीन कीचेल यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना संगणकावर अक्षरे टाइप करायला दिली आणि 'ऑल्ट' बटणाला हात लावू नका, नाहीतर संगणक बंद पडेल, असे बजावले. मग संगणक मुद्दाम बंद पाडून त्यांच्यावर आळ घेतला. बटण कोणीच दाबले नव्हते. तरी ६९ टक्के जणांनी कबुलीवर सही केली, आणि २८ टक्क्यांना आपण खरोखरच बटण दाबले असे वाटू लागले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८९ साली झालेल्या हल्ल्याच्या प्रकरणात किशोरवयीन मुलांनी चौकशीच्या ताणाखाली गुन्हा कबूल केला आणि पाच जणांना शिक्षा झाली. २००२ साली खऱ्या गुन्हेगाराची कबुली आणि डीएनए जुळल्यावर त्या शिक्षा रद्द झाल्या. दबाव, थकवा, भीती आणि आधीपासूनची टोचणी एकत्र आली, की माणूस न केलेलेही ओढून घेतो. आपल्याकडे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा नियम १८७२च्या पुरावा कायद्यात होता आणि २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. आरोपीने न्यायालयात 'कबूल' म्हटले तरी शिक्षा द्यायचीच, असे न्यायाधीशावर बंधन नसते. इतक्या वर्षांच्या अनुभवाने कायदा हे शिकला आहे, की स्वतःवर आरोप करणारा माणूस नेहमी खरेच सांगतो असे नाही.

म्हणून त्या एका क्षणाचा हिशेब भावनेवर सोडू नका, आकडे घ्या. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण ११ मीटर जाते. अचानक समोर काही आले, की ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत पूर्ण लक्ष असलेल्या चालकालाही साधारण एक ते दीड सेकंद लागतो. एवढ्यात गाडी ११ ते १७ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागायला तिथून सुरुवात होते. मुलगा उभ्या गाड्यांमधून किती अंतरावर बाहेर आला, हे घटनास्थळाच्या पंचनाम्यात आणि साक्षीदारांच्या जबाबात मिळेल. अंतर सात-आठ मीटर असेल, तर तुमच्या डोक्यात कामाचे विचार होते की नव्हते याने काहीही बदलले नसते. अंतर पंचवीस मीटर असेल, तर प्रश्न जरा वेगळा होतो आणि तोही तुम्ही प्रामाणिकपणे पाहावा. दोन्हीपैकी काय आहे हे माहीत नसताना वर्षानुवर्षे स्वतःला सोलत राहणे म्हणजे पुरावा न पाहता निकाल देणे होय.

आठवणीवरही फार भिस्त ठेवू नका. १९७५ साली बारुक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाला जाण्याआधी लोकांना विचारले होते की अमुक घडण्याची शक्यता किती. दौरे झाल्यावर त्याच लोकांना आपण तेव्हा काय अंदाज दिला होता ते आठवायला सांगितले. जे घडले होते त्याची शक्यता आपण मुळात सांगितली त्यापेक्षा जास्त सांगितली होती, असे त्यांना आठवू लागले. एकदा शेवट कळला, की मागे वळून पाहताना सगळ्या वाटा तिकडेच जाताना दिसतात. 'मला कळायला हवे होते' या वाक्यात त्या वेळचे ज्ञान किती आणि नंतरचे किती, हे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य असते. माझा अनुभव असा, की गाडी चालवताना डोक्यात काही ना काही विचार प्रत्येकाच्याच असतात. ज्यांच्या समोर कोणी आले नाही त्यांना ते आठवतही नाहीत.

यातूनच एक मोठा प्रश्न निघतो. दोन चालक घ्या, दोघेही तितकेच बेफिकीर. एकाच्या गाडीसमोर कोणी आले नाही, दुसऱ्याच्या समोर मूल आले. जुन्या कायद्याप्रमाणे पहिल्याला बेदरकार वाहन चालवल्याबद्दल कलम २७९ खाली जास्तीत जास्त सहा महिने, दुसऱ्याला ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत. मनाची अवस्था तीच असताना शिक्षेत इतका फरक पडला तो केवळ योगायोगाने. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी या विषयावर समोरासमोर निबंध वाचले. विल्यम्स यांनी दिलेले उदाहरण तुमच्या प्रसंगाशी इतके जुळते की सांगितल्याशिवाय राहवत नाही: काहीही चूक नसताना ज्याच्या ट्रकखाली मूल गेले असा चालक. बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही वाईट वाटते, पण चालकाला जे वाटते ते निराळे असते, आणि ते निराळे असणेच योग्य आहे, असे ते म्हणतात. आपण त्याला 'तुझी चूक नाही' असे समजावतो खरे. पण त्याने ते लगेच मानले आणि कपडे झटकून पुढे निघाला, तर आपल्यालाच त्याच्याविषयी शंका वाटेल.

मला हे पूर्ण पटते. तुमच्या हातून एक जीव गेला. दोष नसला तरी हात तुमचे होते. हे दुःख खरे आहे आणि ते जावे अशी अपेक्षाही मी ठेवणार नाही. पण दोष आणि हे दुःख एक नाहीत. या दुःखाला अपराधाचे कपडे घातले, की माणूस शिक्षा शोधत फिरतो. ती न्यायालयाने दिली नाही, म्हणून स्वतःच स्वतःला देतो: गाडी सोडतो, झोप सोडतो, आपल्या मुलांशी खेळणे सोडतो. त्या घरातल्या माणसांना यातले काहीच मिळत नाही.

आपण जगलो आणि तो गेला, यातून येणारी टोचणी आणखी वेगळी. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांवर उपचार करताना विल्यम नीडरलँड या मनोविकारतज्ज्ञाने १९६०च्या दशकात तिची नोंद केली. कोणताही गुन्हा न केलेली ही माणसे 'मीच का वाचलो' या प्रश्नाने खचत होती. त्याआधी १९४६ साली जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी जर्मन लोकांसमोर दोषाचे चार प्रकार ठेवले होते: कायदा मोडल्याचा, ज्याचा निवाडा न्यायालय करते, राज्यकर्त्यांच्या कृत्यांत नागरिक म्हणून असलेल्या वाट्याचा, आपल्या कृतीचा नैतिक, ज्याचा निवाडा आपले मन आणि आपली जवळची माणसे करतात, आणि दुसऱ्यावर अन्याय होत असताना आपण जिवंत राहिलो याचा. पत्नी ज्यू असल्यामुळे यास्पर्स यांना स्वतःला १९३७ साली विद्यापीठातून काढले गेले होते, तरी चौथ्या प्रकारातून त्यांनी स्वतःला वगळले नाही. या विभागणीचा तुम्हाला उपयोग असा, की प्रत्येक दोषाचा निवाडा करणारा वेगळा आहे. पहिल्याचा निवाडा करणाऱ्याने तुम्हाला सोडले. बाकीचे त्याच्या कक्षेतच नव्हते, म्हणून त्याचा निकाल त्यांना लागू पडत नाही.

टोचणी कुठल्या जातीची आहे हे ओळखण्याची एक खूण मानसशास्त्रात चांगली सापडते. हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये आणि पुढे जून टँगनी यांनी दाखवून दिले, की 'मी हे वाईट केले' आणि 'मी वाईट आहे' या भावना वरवर सारख्या दिसतात, पण वेगळे वागायला लावतात. पहिली माणसाला झालेल्या नुकसानीकडे, ते भरून काढण्याकडे नेते. दुसरी लपायला लावते, कधी उलटून दुसऱ्यावर राग काढायला लावते. तुम्ही त्या मुलाच्या घरच्यांचा विचार किती करता आणि स्वतःचा किती, हे एकदा लिहून पाहा. उत्तर तुम्हाला कोणाला दाखवायचे नाही.

आणि एक गोष्ट वकील म्हणून नव्हे, माणूस म्हणून ठामपणे सांगतो. अपराधी वाटणे दररोज, दिवसभर, घडलेल्या गोष्टीपलीकडे पसरू लागले असेल, झोप आणि भूक गेली असेल, 'मी नसलो तर बरे' असे विचार येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा. अवाजवी अपराधीपणा हे नैराश्याचे मान्य लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. नैराश्य प्रत्येक आठवणीला आरोपपत्र बनवते, आणि अशा वेळी वर सांगितलेला कुठलाही युक्तिवाद कामाला येत नाही. आधी आजार बरा करायचा, मग हिशेब.

आता काय करायचे. तुम्ही स्पष्ट लिहिलेले नाही, पण बहुतेक तुमच्या मनात असावे, की त्या आईवडिलांना एकदा भेटावे. माझे मत, भेटावे, पण थेट दारात जाऊन उभे राहू नये. अपघातानंतर इतकी वर्षे तुम्ही गेला नाहीत याचे कारण बहुधा तुमचा वकील असेल. खटला चालू असताना आम्ही आरोपीला मृताच्या घरी जाऊ देत नाही, कारण 'माझ्यामुळे झाले, माफ करा' हे वाक्य पुढे पुरावा म्हणून समोर येऊ शकते, आणि साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोपही होऊ शकतो. सल्ला म्हणून ते बरोबर असते, पण त्याने दोन घरे एकमेकांपासून तोडली जातात, आणि मुलाच्या आईवडिलांच्या मनात उरते ते एवढेच, की तो माणूस एकदाही आला नाही. ही अडचण काही कायदेमंडळांनी ओळखली आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ मध्ये, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये आणि हाँगकाँगने २०१७ मध्ये दिलगिरीच्या शब्दांना संरक्षण देणारे कायदे केले. मॅसॅच्युसेट्सचा कायदा अपघातानंतरच्या सहानुभूतीच्या शब्दांपुरता आहे, बाकीचे दोन त्याहून व्यापक आहेत. तिन्हींचा रोख नुकसानभरपाईच्या दाव्यांवर आहे. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. तो असावा असे मला मनापासून वाटते.

तुमचा खटला संपला आहे. निकालाविरुद्ध अपील झाले नसेल आणि अपिलाची मुदत उलटली असेल, तर त्याच आरोपावर तुमच्यावर पुन्हा खटला चालू शकत नाही. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात अजून बाकी आहे का, एवढे आपल्या वकिलाकडून आणि विमा कंपनीकडून तपासून घ्या. तो बाकी असेल तर निकाल लागेपर्यंत थांबा. नसेल, तर दोन्ही घरांना ओळखणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसामार्फत विचारा: भेटायची इच्छा आहे, तुमची तयारी असेल तरच. ते नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे आणि पुन्हा विचारायचे नाही.

भेट झाली, तर आपण कसे निर्दोष सुटलो हे सांगू नका. क्षमाही मागून घेऊ नका, म्हणजे 'माफ केले म्हणा' असा हट्ट धरू नका. त्यांना बहुधा काही प्रश्न असतील, ज्यांची उत्तरे फक्त तुमच्याकडे आहेत: तो शुद्धीवर होता का, काही बोलला का, दवाखान्यात नेताना त्याच्याजवळ कोण होते. खटल्यात हे कोणी विचारत नाही, कारण त्याने काही सिद्ध होत नाही. आईसाठी मात्र बाकी सगळ्यापेक्षा हेच महत्त्वाचे असू शकते. डोक्यातल्या विचारांचे ते गुपित तिथे सांगायचे का? पंचनामा पाहून, अंतर मोजून तुम्हाला स्वतःला जे खरे वाटेल त्यावर ते अवलंबून आहे. फक्त आपले मन हलके व्हावे म्हणून अर्धवट संशय त्यांच्या पदरात टाकू नका. त्यांच्याजवळ पुरेसे आहे.

समोरासमोर येण्यात काय ताकद असते याचे एक जुने उदाहरण नोंदलेले आहे. १९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशाने त्यांना नुकसान झालेल्या लोकांच्या दारोदार पाठवले. दोघांनी ज्याच्या त्याच्यापुढे उभे राहून काय केले ते सांगितले, नुकसान किती ते विचारले आणि पुढच्या महिन्यांत पैसे भरले. अपराधी आणि पीडित यांची भेट घडवून आणणाऱ्या अनेक उपक्रमांची सुरुवात तिथून झाली असे मानतात. तुमचे नुकसान पैशाने भरून येणारे नाही आणि तुम्ही त्या तरुणांसारखे अपराधी नाही. तरीही शिक्षा भोगणे आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

राहिला भागीदार. त्याला अपराधी वाटत नाही, यात कायदा काही करू शकत नाही. दोषी ठरल्यावर शिक्षा ठरवताना आरोपीला ऐकून घेतात, तेव्हा पश्चात्तापाचा विचार होतो. दोष आहे की नाही हे ठरवताना तो मोजत नाहीत, आणि मोजू नये, कारण अभिनय करणाऱ्यांची सोय होईल. त्याला कधीतरी उपरती होईल याची वाट पाहण्यात तुमचा काळ घालवू नका. तुमच्या हातात आहे ते दिवाणी बाजूने. फौजदारी खटल्यात वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते, दिवाणीत कोणाची बाजू अधिक संभवनीय ते पाहतात. अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन १९९५ मध्ये खुनाच्या आरोपातून सुटला आणि १९९७ मध्ये त्याच मृत्यूंसाठी दिवाणी न्यायालयाने त्याला भरपाई द्यायला लावली. तुमच्या भागीदाराच्या बाबतीतही फौजदारी मुक्ततेने दिवाणी दावा आपोआप बुडत नाही.

मुदतीकडे मात्र ताबडतोब पाहा. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारणपणे ३ वर्षांची मुदत असते, फसवणूक असेल तर ती उघड झाल्यापासून मोजतात, आणि फौजदारी खटला चालू होता म्हणून ती थांबलेली नसते. मुदत संपण्याआधी त्याने कुठे लेखी देणे मान्य केले असेल, तर तिथून ती नव्याने मोजता येते. शिवाय तुम्ही त्या खटल्यात पीडित ठरत असाल, तर मुक्ततेविरुद्ध तुम्हाला स्वतःला अपील करण्याचा हक्क कायद्याने २००९ च्या अखेरीपासून दिला आहे. निकालाची प्रमाणित प्रत, भागीदारीचा करार, बँकेची विवरणे आणि त्याच्याशी झालेला लेखी व्यवहार, संदेशसुद्धा, तारखांप्रमाणे लावून ठेवा आणि ते घेऊन या आठवड्यातच एखाद्या दिवाणी वकिलाला भेटा.